गाळलेल्या दोन ओळी

सर, तुम्ही मराठीत केलेलं रोमच्या इतिहासाचं पुस्तक सोमवारी छापायला जातंय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तुमच्या मुलीला आत्ता सवड मिळाली. वह्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या, म्हणून परवा तिने मला फोन केला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी तुमच्याकडे इकडे परदेशात, हॅलिफॅक्सला, पोळ्या करायला यायचे. तुमचा हात थरथरायला लागला, पेन धरवेना, तेव्हा तुम्ही विचारलंत, "बाई, लिहिता येतं का?" मी म्हटलं, सहावीपर्यंतचं येतं, त्यापुढचं मागू नका. मग रोजचंच झालं. कणीक मळून झाकून ठेवायची, हात धुवायचे आणि टेबलाशी बसायचं. तुम्ही भिंग लावून ते लॅटिन वाचणार, मराठीत सांगणार, मी लिहिणार. दोन हजार वर्षांपूर्वीचे तुमचे ते इतिहास लिहिणारे मला कधी पटले नाहीत. लढाई जवळ आली की सेनापती पानभर भाषण ठोकतोय. "हे ऐकलं कुणी?" मी विचारायचे. "कुणीच नाही. लिहिणाऱ्याने रचलं." "मग खोटंच की!" "लिहा बाई, पोळ्या राहिल्यात अजून," असं म्हणून हसायचात.

पुस्तकात रोम शहर जळतं तो दिवस मात्र तुम्ही हसला नाहीत. बाहेर बर्फ पडतोय, तुम्ही सांगताय: काही म्हणतात आग अशीच लागली, काही म्हणतात सम्राटानेच लावली, दोन्ही लिहिलेलं सापडतं. बेघर झालेल्यांना त्याने आपल्या बागा उघडून दिल्या. मी पेन खाली ठेवलं.

"काही म्हणतात, काही म्हणतात! हे लिहिणारा एवढा शिकलेला माणूस, त्याला एक काय ते सांगता येत नाही?"

तुमचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने तसं लिहिलं. माहीत दुसऱ्यांनाही नव्हतं, पण त्यांनी खुशाल सम्राटावर ढकललं. म्हणून मी ह्याचं पुस्तक घेतलंय. तुम्ही निकाल देऊ नका. लिहा."

मी मान खाली घातली आणि लिहिलं, 'आग सम्राटानेच लावली.' बागांचं गाळलं. माझं अक्षर तुम्हाला भिंगातूनही लागायचं नाही. परत वाचून दाखवताना तोंडाने तुमचंच म्हटलं.

का, ते तेव्हा सांगितलं नाही. माझी थोरली बहीण सासरी जळून मेली. पंचनाम्यात स्टोव्हचा भडका. गावात काही म्हणायचे भडका, काही म्हणायचे नवऱ्याने पेटवली. आणि तो नवरा तेराव्याला पंगतीत फिरून लोकांना आग्रह करकरून वाढत होता. त्या 'काही म्हणतात'वर तो सुटला, दुसरं लग्न केलं. मला ते शब्द माझ्या हाताने लिहायचे नव्हते.

तर मुलीचा फोन. "मावशी, एका प्रोफेसरने वह्या चेक केल्या. तो म्हणतो, आगीचं ओरिजिनलमध्ये असं नाहीये. बाबांचं तेव्हा कन्फ्यूजन व्हायला लागलं होतं का? मी तशी एक नोट टाकणार आहे."

तुमचं डोकं शेवटपर्यंत कसं चालत होतं, मला विचारा. मी म्हटलं, "नोट-बीट काही टाकू नकोस. चूक त्यांची नाही, माझी आहे. आता सांगते ते लिहून घे." आणि गाळलेल्या दोन ओळी सांगितल्या, बागांसकट. शब्द अगदी तुमचेच असतील असं नाही, पण अर्थ तोच आहे.

ती म्हणाली, "पण मावशी, तुम्ही असं का केलंत?" आता तिच्यापासून काय लपवायचं, बहिणीचं सांगितलं. ती रडायला लागली. इकडे वाढलेली मुलगी, असलं कधी ऐकलेलं नाही. तिने हळूच विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत ते?"

मी 'हो' म्हणाले. आजवर ज्याने ज्याने विचारलं त्याला 'हो'च म्हणत आलेय, पोलिसांना, त्यांनी मानलं नाही, मग माझ्या नवऱ्याला. बहिणीच्या नवऱ्यानेच केलं असं मी आजही म्हणते, त्यात बदल नाही. पण सर, मी त्या दिवशी माहेरी होते, शेंगा फोडत बसले होते. निरोप संध्याकाळी आला.