धाकट्या स्टेशनाचा पट्टा

दि. ३ जून

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

काल घरी दोघं आली. पहिली आली ती चष्मेवाली, मग घाम पुसत तिचा सोबती. तुझ्याच हापिसातली माणसं! लगेच चहा टाकला. त्यांचं काम म्हणजे कुठल्या घरची माणसं कुठल्या स्टेशनावर जातात ते विचारायचं आणि नकाशात प्रत्येक स्टेशनाचा पट्टा आखायचा. नकाशा म्हणे मोठ्या बाई करतात. म्हणजे तू! लहानपणी नाक पुसायला माझाच पदर लागायचा, तेही सांगून टाकलं. रागावू नकोस. मग त्यांनी विचारलं, गाडीत किती वेळा चढता. म्हटलं, कधीच नाही. मी आपली दर शनिवारी धाकट्या स्टेशनावर साडेचारच्या गाडीला जाते, कोण उतरतं ते बघते, परत येते. त्याने शून्य लिहिलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

दि. ११ जून

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

तुझा शून्य लिहिलेला फॉर्म माझ्या टेबलावर आला. आजोबा गेले तेव्हा मीच म्हणाले होते, शनिवारी येत जाईन. तीन वर्षं झाली, एकदाही आले नाही. आणि तू जातेस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

आजी, गाड्या जास्त म्हणून सगळी गल्ली आता मोठ्या स्टेशनावर जाते. धाकट्याच्या पट्ट्यात घरच उरलं नाही, म्हणून ते बंद होणार. माझ्याच नकाशावरून ठरलं. एका घराने जरी चढतो म्हटलं, तरी वर्षभर टळेल. वाट बघणाऱ्यांसाठी रकाना मीच ठेवला नाही. माणसं पुन्हा पाठवते. महिन्यातून एकदा चढते म्हण. एवढं माझं ऐक.

तुझीच,
ठमी

दि. १९ जून

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझी माणसं काल येऊन गेली. चष्मेवालीने बिचारीने तीनदा विचारलं, तेही स्वतःच मान डोलवत. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. पण ठमे, तुझ्या नकाशावर गाड्या चालतात. त्यात आजीनेच खोटं घुसडलं तर उद्या तुला मोठ्या बाई कोण म्हणेल? कधीच नाही, म्हटलं. ती खाली बघून कितीतरी वेळ लिहीत राहिली. शून्याला एवढा वेळ लागतो होय?

शनिवारी जाऊन आले. चारजण उतरले. एक पोरगी थेट तुझ्यासारखी चालत होती. जवळ आली, तर तू नव्हतीस.

तू रडू नकोस. मोठं स्टेशन आहेच. तिथून चाळीस मिनिटं चालायचं, माझ्या गुडघ्यांना नाही झेपत, तुला झेपेल. घ्यायला कोणी नसेल, तेवढं समजून घे.

आहे तशी माया राहू दे.

तुझी आजी

ता. क. ती दोघं परत यायची आहेत, धाकट्या स्टेशनावर बंदची पाटी लावायला. पुढच्या गुरुवारी येतो म्हणालीत. त्याआधी एक शनिवार आहे.