खोबरेल प्यायलेला पंखा

प्रिय अहो,

इतकी वर्षं याच नावानं हाक मारली, आता पत्रात दुसरं काय लिहू? वर्षश्राद्धाला पाहुण्यांच्या गर्दीत तुमच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. पण आज राहवेना, कारण काल मी दुकानातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडला. हो, तोच! ज्याला तुम्ही मला बोट लावू देत नव्हतात. ओरडायचं असेल तर ओरडा, पण आधी सगळं ऐका.

त्यातला पंखा महिनोन्‌महिने असा घरघरत होता की अर्ज भरायला आलेली माणसं मला स्वतःचं नाव ओरडून सांगायची. थंडीतल्या सकाळी तर विचारूच नका. शुक्रवारी तो मधेच थांबला, डबा तापला आणि एका बाईंचा अर्धा अर्ज भरून झालेला असताना मशीनच बंद पडलं.

नेमके तेव्हाच तुमचे धाकटे बंधू मुंबईहून आलेले. "वैनी, टेन्शन कशाला घेतेस? खटारा हाय तो. दुकानाचा गाला भाड्यानं देऊन टाकू, पार्टी रेडी हाय."

भावजी वाईट मनानं नाही बोलले. पण मला लागलं हो. तुम्ही गेल्यावर त्या दुकानानंच मला रोज सकाळी उठवलं, वेणी घालायला लावली, पोलादपूरच्या स्टँडवर चार माणसांत नेऊन बसवलं. ते गेलं तर मी कुठे जायचं? भावजींना म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. मशीन चालू झालं नाही, तर तुम्ही म्हणाल तसं.

महाडच्या दुकानदारानं अख्खा सप्लाय बदला म्हणून सांगितलं. खरं तर तेच बरं, तुम्हीही सगळ्यांना तेच सांगायचात. पण तुम्ही हौसेनं आणलेल्या त्या बुटक्या कॅबिनेटमध्ये बाजारातला सप्लाय बसेल तर शपथ! शेवटी जुन्याच मापाचा, बारा व्होल्टचा पंखा पिशवीत घालून एसटीनं परत आले.

काल रविवारी मशीन घरी आणलं आणि तुमचे सगळे नियम पाळले. स्विच बंद केला, वायर काढली, कॅबिनेटचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. मग जेवणं, भांडी आणि तुमच्या आईंची दुपारची झोप होईपर्यंत तिकडे फिरकले नाही. "वायर काढली म्हणजे वीज गेली असं समजू नकोस, आत दबा धरून बसते ती," असं तुम्ही किती वेळा बजावलं असेल! आणि काढलेली वायर आपल्याच खिशात ठेवायची, म्हणजे कुणी शहाणा ती परत लावणार नाही. अहो, पण साडीला खिसा असतो का? कधी विचार केलात?

ती वायर तुमच्या आईंनी माझ्याकडून मागून घेतली आणि कमरेला खोचली. सकाळपासून त्यांचं चाललं होतं, "इजेशी खेल नको गो सुनंदा. माजा एक गेला, तुला काय झाला तर मी कुनाकडं बगू?" शेवटी दाराशी पाट टाकून बसल्या आणि कुणाला आत येऊ देईनात.

झाकण काढून टॉर्चनं पाहिलं. काही जळलेलं नव्हतं, फुगलेलं नव्हतं. तसं असतं तर तिथंच हात टेकले असते. आतल्या उभ्या गोल डब्यांना आणि पत्र्यांना बोट लागू दिलं नाही. चार स्क्रू काढले आणि पंखा अलगद बाहेर घेतला. त्याची वायर नुसती ओढून काढता येणाऱ्या पिनेची निघाली, म्हणून सोल्डर करायची वेळ आली नाही. पंख्याच्या मधोमध पिवळट चिकट लगदा साचला होता. वास घेतला, तर खोबरेल!

अहो, पंख्याला खोबरेल घातलंत? दाराची कडी कुरकुरली की खोबरेल, शिलाई मशीन अडलं की खोबरेल, गुडघा दुखला की खोबरेल. तिथवर ठीक होतं. पण थंडीत जे बाटलीत गोठतं ते पंख्यात गोठणार नाही? आणि हा माणूस गावाला अक्कल शिकवत होता! मी एकटीच खो खो हसत सुटले. आई दारातून विचारतायत, "शॉक लागला काय गो?"

नवा पंखा बसवून, झाकण घट्ट करून मगच वायर मागितली. चालू केलं आणि मागे उदबत्ती धरली, तर धूर आतच ओढला जाऊ लागला! पंख्याच्या अंगावरचा बाण बघायचा राहिला होता, उलटा बसला होता तो.

"वारं भायेर जाया हवं," आई म्हणाल्या. "भात वाऱ्यावर देताना उलटा उभा रायला तर कोंडा डोल्यात जातो."

परत सगळं बंद, परत वायर त्यांच्या कमरेला, परत तेवढीच वाट पाहणं. या वेळी धूर बाहेर गेला.

आज आईही माझ्याबरोबर दुकानात येऊन बसल्या. दुपारी भावजी आले. कसलाच आवाज नाही म्हटल्यावर दारातूनच म्हणाले, "पडला ना बंद? मी बोललो व्हतो." मी त्या बाईंचा पुरा भरलेला अर्ज छापला आणि भावजींच्या हातात ठेवला.

"कुनी करून दिला?"

"कुनी म्हंजे?" आई कडाडल्या. "तिनं केला. त्या पार्टीला सांग, गाला नाय देनार." भावजी हसले आणि तिथूनच त्या माणसाला फोन करून नाही म्हणाले.

संध्याकाळी गिऱ्हाईक सरलं आणि त्या शांततेत मला भरून आलं. वर्षभर त्या घरघरीच्या आडून रडत होते हो मी, कुणाला कळायचं नाही. आज आईंना ऐकू गेलं. त्या उठून शेजारी येऊन बसल्या आणि त्याही रडल्या. तुमच्यामागे आम्ही दोघी एकत्र पहिल्यांदाच रडलो.

तेव्हा आता शब्द देते. उद्या शटर मी उघडेन आणि परवाही मीच उघडेन. कधी थकले, कंटाळले, तर बंदही करेन. पण ते माझ्या मनानं. एकटीला जमत नाही म्हणून तुमचं दुकान मी कुणाच्या हाती देणार नाही.

तुमचीच,
सुनंदा