दोन वाळलेल्या कलमांचा फोटो

१४ ऑक्टोबर

सकाळी दोघं विहारात जाऊन आलो. जाताना ह्यांनी पांढरी फुलं विकत घेतली आणि म्हणाले, "गच्चीवर चाळीस कुंड्या आणि फुलं बाजारातून." छाटणी परवाच केलीय, फुलं येणार कुठून? सांगून उपयोग नाही.

दुपारी गच्चीवर गेले. जुलैत खडकवासल्याच्या पुढे बबनरावांच्या नर्सरीतून गुलाबाची तीन कलमं आणली होती. त्यातली दोन शेंड्यापासून काळी पडत पार बुंध्यापर्यंत वाळली. वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. गुलाबवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला: "बबनरावांकडची कलमं. तीन महिन्यांत दोन गेली. अजून कुणाला असा अनुभव?"

नुसतं विचारलं. मग कणीक मळायला घेतली.

१५ ऑक्टो.

बघते तर मेसेजचा ढीग. "आमचंही एक गेलं." "तिथली मातीच रोगट आहे." (हे लिहिणारा कधी तिथे गेला होता?) ग्रुप चालवणाऱ्या देवधरबाई: "छोट्या नर्सऱ्यांचं हे असंच असतं. मी हल्ली ऑनलाइनच मागवते." त्यावर पुष्कळ अंगठे. त्यात एक माझा.

१९ ऑक्टो.

वाळलेली दोन्ही उपटली. कुंडीत नुसता चिखल. मुळं काळी, सडलेली, वास मारत होता. बुडाची भोकं बंद होती. गच्चीला डाग पडू नयेत म्हणून मीच खाली टाइलचे तुकडे ठेवले होते, त्यावर कुंड्या चपखल बसल्या आणि सगळा पावसाळा पाणी आत. तिसरी कुंडी विटांवर होती, ती मजेत आहे.

हे कठड्याला टेकून बघत होते. "म्हणजे बुडवून मारलीस तू आणि नाव त्याचं."

ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, चूक माझी, कलमं चांगली होती. दोन अंगठे आले. एकीने विचारलं, टाइल कुठून घेतली?

फोटो तोवर आणखी तीन ग्रुपांवर गेलाय. नुसता फोटो. त्याखालची माझी कबुली तिकडे गेली नाही.

२६ ऑक्टो.

बसने नर्सरीत गेले, एकटीच. दिवाळीच्या आधीचा शनिवार. एरवी या दिवशी तिथे गाडी लावायला जागा नसते. आज फाटकात कुत्रं झोपलेलं. बबनरावांची बायको, मंदाताई, मागे पिशव्यांत माती भरत होत्या.

"कुनी फिरकलं न्हाय ताई," बबनराव म्हणाले. "ज्यांनी दिवाळीला रोपं सांगून ठेवली व्हती, त्यांचे बी फोन आले, नको म्हनून. कसला तरी फोटो फिरतोय म्हनं."

"कुणी टाकला?" मी विचारलं.

मी. विचारलं.

"काय म्हाईत. आसंल कुनीतरी."

निघताना मंदाताईंनी एक कलम हातात ठेवलं. फिकट पिवळं, कडेला गुलाबी झाक. बबनरावांनी स्वतः दोन जातींच्या संकरातून काढलेलं, अजून नाव नाही. "जुनं गिऱ्हाईक तुमी. न्या." पैसे घेईनात. मी घेतलं. मांडीवर धरून बसने घरी आणलं.

तोंड उघडलं नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीचं लोकांकडचं फराळाचं येणंजाणं. लक्ष नाही. आपल्यासारख्या घरच्या बागवाल्यांनी नर्सरीसाठी काय करायचं ते डोक्यात घोळतंय. आधी सांगून ठेवलं तर घ्यायचंच, फिरायचं नाही. फूल नसलेलं कलमही घ्यायचं. प्लास्टिकच्या पिशव्या, कुंड्या परत न्यायच्या. रोप गेलं तर जगाला विचारण्याआधी ज्याने दिलं त्याला विचारायचं. एवढं साधं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत दुसऱ्यांच्या फायलींवर "खातरजमा करावी" असा शेरा मारला, आणि स्वतः...

दिवसभर एकेकाला फोन केले, नर्सरीत चला म्हणून. अकरा जण येतो म्हणाले. पुढचा रविवार.

१० नोव्हें.

तिघं आले.

एक कोथरूडचे गृहस्थ. "या नुसत्या काड्या आहेत. फुललेलं दाखवा."

"छाटनी झालीय सायेब. म्हैनाभरानं बगा, पान दिसायचं न्हाय फुलांत."

"महिनाभराने कशाला येऊ? रस्त्यावर आज फुललेली मिळतात." गेले.

दुसऱ्या बाई एक घेऊन गेल्या, पण बबनरावांच्या समोरच मला विचारलं, "रोगट नाही ना हो?"

तिसरी रसिका. नागपूरची मुलगी, हिंजवडीत आयटीत आहे, भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी. सहा घेतली. "काका, प्रत्येकाचं नाव लिहून द्या ना, मी कन्फ्यूज होते. आणि पाणी किती, तेही. मी आधी दोन मारलेत." मंदाताई हसल्या. बबनरावांनी नावं सांगितली, तिने लेबलं लिहिली. दोघं अर्धा तास त्यात रमले होते. बघून बरं वाटलं, पण सहा रोपांवर नर्सरी चालत नाही.

ती गेल्यावर सांगितलं. "फोटो मी टाकला होता. चूक माझ्या कुंडीची होती."

बबनराव रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरून त्यात चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, भरून पट्टी गुंडाळत होते. हात थांबला नाही. पट्टी पुरी केली, गाठ मारली, पुढचा खुंट घेतला.

मंदाताई म्हणाल्या, "तुमी?"

मग, "नंबर व्हता की आमचा तुमच्यापाशी. येक फोन करायचा. मी सांगितलं आस्तं, कुंडी उचलून बगा म्हनून."

 उभी राहिले थोडी आणि निघाले. कुणी थांबा म्हणालं नाही.

२१ नोव्हें.

ग्रुपवर परत एकदा सगळं सविस्तर लिहिलं. देवधरबाई: "झालं गेलं. किती उगाळणार? ताज्या फुलांचे फोटो टाका." त्यांचं काही गेलं नाही, म्हणून झालं गेलं.

६ डिसेंबर

विहारातून परतताना बबनरावांचा फोन. त्या बिननावाच्या कलमाची चौकशी करत होते. फुटवा आला का, लाल आहे का हिरवा. आला म्हटलं, लाल. "मंग जगलं." मग तसंच सहज बोलल्यासारखं सांगितलं, जानेवारीअखेर जागा सोडायचीय. शेजारच्या लग्नाच्या लॉनला पार्किंग हवंय.

"मालक इतकी वरसं म्हनायचा, ऱ्हाऊ दे, मानसं येत्यात, जागा जिती दिसती. आता म्हनतो, रिकामंच तर हाय."

विक्रीची रोपं कशीतरी जातील. पण मागची साठेक जुनी झाडं, ज्यांच्यावरून ते डोळे काढतात? त्यातल्या काही जाती आता कुठेच मिळत नाहीत. ती कुठे ठेवणार विचारलं.

"ती कुठं ठिवनार," बबनराव म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

८ डिसें.

ग्रुपवर लिहिलं: एका घराने एक जुनं झाड सांभाळायचं. बबनराव मागतील तेव्हा डोळ्याच्या काड्या द्यायच्या. बस. उत्तरं: "फुलं आमचीच ना?" "मेलं तर जबाबदारी कोणाची?" देवधरबाई: "ग्रुपवर जाहिराती नकोत."

आमच्या सोसायटीने नाही सांगितलं, गच्चीवर वजन होतं म्हणे. पाण्याच्या तीन टाक्यांचं होत नाही. हे स्वतः खाली सेक्रेटरींशी बोलायला गेले (हे!) आणि अर्ध्या तासाने वर आले. "चार मान्य. प्रत्येक वाक्याला 'अहो साहेब' म्हणत होता, त्यामुळे धड भांडताही आलं नाही."

२५ जानेवारी

झाडं काढायचा दिवस. सतरा झाडांना घर मिळालं. चार माझ्याकडे, पाच रसिकाने स्वतःसाठी आणि ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी नेली, बाकी इकडेतिकडे. बबनरावांनी प्रत्येकाची माती न फोडता गोणपाटात बांधून दिली. गाडीत ठेवताना नाव सांगायचे, दोन-दोनदा.

उरलेली कुदळीने काढून बांधाला टाकली. त्यांनीच. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काटे हायेत." मंदाताई सकाळी एकदा आल्या, गोणपाट देऊन गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कुठे बघितलं असतं?

घरी येऊन हात धुतले तर सगळ्या बोटांना ओरखडे. ह्यांनी न बोलता हळद आणून दिली. हे न बोलता म्हणजे फारच.

९ फेब्रुवारी

चारांतलं एक गेलं. साल खरवडून पाहिली, आतून तपकिरी. यावेळी पाणी बेताचं होतं, भोकं मोकळी होती, तरी गेलं. बबनरावांना फोन केला. सगळ्यात आधी त्यांनाच. "जुन्या झाडाला जागा सोसत न्हाय कधी कधी. तुमची चूक न्हाय." हे ऐकून जास्तच रडू आलं.

ते आता हिंजवडीत एका कंपनीच्या आवारात माळी आहेत. हिरवळ कापायची, कुंपणाची झुडपं एका उंचीची ठेवायची.

"गुलाब आहेत का तिथे?"

"न्हाईत. काटे नको म्हनत्यात."

२३ फेब्रु., रविवार

बबनराव आज यायचे होते. गावात भाड्याच्या खोलीमागे मंदाताईंनी पन्नासेक पिशव्यांत खुंट लावलेत. माझ्याकडच्या तीन झाडांचे डोळे काढून त्यांवर भरायचे, एवढ्यावर पुन्हा सुरुवात. नऊ वाजता गच्ची झाडून ठेवली. बारा वाजता त्यांचा फोन आला. कंपनीत कोणीतरी मोठे पाहुणे येणार, सगळ्या माळ्यांची सुट्टी रद्द. पुढचा रविवारही सांगता येत नाही म्हणाले.

ऊन तापायला लागलंय. डोळे एकदा फुटले की भरायच्या कामाचे नाहीत. मी आठवड्यापूर्वी एका काडीवर करून पाहिलं, साल फाटली.

शेवटी मंदाताईंना फोन केला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

"मला येतंय भरायला," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं मीच तर भरायची, निम्मी. पन तुमच्या घरी यायचं म्हंजे..."

 मागे कुणीतरी बादली आपटली.

"या," मी म्हटलं. "मी वर येणार नाही हवं तर. किल्ली ठेवते. नाहीतर काड्या कापून मीच घेऊन येते, कुठून कापायच्या तेवढं सांगा."

"फोनवर सांगून न्हाय कळायचं, डोळा बगूनच काडी कापावी लागती." मग, "बगते."

फोन ठेवला त्यांनी.

संध्याकाळी वर गेले. डोळे टपोरलेत, एकदोन ठिकाणी हिरवं टोक दिसतंय. फार तर गुरुवारपर्यंत.