ग्रेसची केळी

होळी गाव, वसई. मे महिना, गुरुवार संध्याकाळ.

रोजरीची प्रार्थना म्हणतानाही डोक्यात त्या मिरचीच्या बियाच.

माझी रिटा झांबियात, अभयारण्याला लागून असलेल्या एका गावात काम करते. मागे तिने फोनवर विचारलं होतं, "मम्मी, मिरची कुटायच्या आधी तू काय करतेस?" कशाला हवंय ते मी विचारलंच नाही. आपला मसाल्याचा पाठ म्हणून दाखवला. देठ काढा, बिया झटकून टाका, म्हणजे ठसका लागत नाही.

आज तिचा फोन आला तेव्हा कळलं, तिकडच्या बायका शेणात मिरची कालवून गोवऱ्या थापतात आणि बांधावर पेटवतात. धुराच्या ठसक्याने हत्ती मागे फिरतात, त्यांना मारावं लागत नाही. आणि मी ठसकाच काढायला लावला! रिटाही माझीच लेक, त्या बायकांना जसंच्या तसं सांगून मोकळी.

हत्ती निवांत आले आणि ग्रेस नावाच्या बाईची केळीची बाग खाऊन गेले. वाऱ्याने आमची केळी झोपतात तेव्हा घरात कोणाला घास जात नाही. तिचं काय झालं असेल?

माफी मागायला लागले, तर रिटाने तिलाच फोनवर आणलं. ग्रेस हसत होती. रिटा मराठीत सांगत होती, "ती म्हणते, बिया टाकवल्या नाहीत, ठेवल्या होत्या. आता त्याच जाळतो, हत्ती लांबूनच वळतात. पण त्या बिनठसक्याच्या मिरचीत मासळीचं कालवण कसं करायचं?"

बाग गेलेली बाई मला कालवण विचारते. या वेळी आधी विचारून घेतलं, जेवायला कोण कोण आहे?

"हत्ती सोडून सगळे," ग्रेस म्हणाली.