११.२ व्होल्ट

रवि. ८ मार्च
मृण्मयीचं नवं ग्राफिक्स कार्ड आलं. गुरुवारी तिची ज्युरी, परीक्षकांपुढे काम मांडायचं; आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. इमारतीची चित्रं जुन्या कार्डावर निघत नाहीत. "बाबा, आपला पॉवर सप्लाय पेलेल ना?" सात वर्षांपूर्वी मीच निवडलेला. ५५० वॅट. म्हटलं, आरामात. कंपनीतल्या सवयीने कॅबिनेटला चिठ्ठीही चिकटवली: 'तपासले', खाली सही. मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझी चिठ्ठी लागलेलं मशीन इंजिनिअरसुद्धा परत मोजत नाहीत.

सोम. ९
रजा. मृ. कॉलेजला. सप्लाय बाहेर काढून लेबल भिंगाने वाचलं. ५५० ही सगळ्या लाइनींची बेरीज. कार्ड चालणार १२ व्होल्टवर, तिथे फक्त ३० अँपिअर, म्हणजे ३६०. कार्ड २२०, प्रोसेसर १२५, बाकी ४०. बेरीज ३८५.
इतकी वर्षं मोठा आकडाच वाचला. मी!
तरी गाडीच्या हेडलाइटचे सहा बल्ब जोडून लोड दिला. मीटर ११.२. ११.४च्या खाली चालत नाही. तीनदा मोजलं.
परत बसवून ठेवला. संध्याकाळी सांगणार होतो. ती फोनवर मैत्रिणीला म्हणत होती, "पप्पांनी नाही गं, बाबांनी स्वतः मोजलंय. ते चुकत नाहीत." (पप्पा म्हणजे सुनंदाचा पहिला नवरा, मृ.चा सख्खा बाप.) उद्या गुपचूप नवा आणतो.

मंगळ. १०
कंपनी सुटल्यावर मांडवीच्या बाजारात गेलो. दुकानदार हसला, "काका, साडा पाचसो तो खाली लखेलुं छे!" साडेपाचशे नुसतं लिहिलेलं असतं, म्हणे. पैसे दिले, निघालो.
घरी आलो तर कॅबिनेट उघडं. चिठ्ठी बघून तिने दुपारीच कार्ड बसवलं. पहिलं चित्र अर्ध्यावर आलं आणि सगळं बंद.
नवा सप्लाय लावला. मशीन सुरू. डिस्क दिसत नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला. नाही.
कामाची दुसरी प्रत दोन आठवड्यांपूर्वीची.

बुध. ११
डिस्क गेली. आता शंका नाही.
मृ. मैत्रिणीकडे बसून जुन्या प्रतीवरून काढतेय. होणार नाही, तिलाही माहीत आहे.
सुनंदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता: "सांगितलंत का तिला? तो बल्बांचा पसारा मी पाहिलाय हं."
आठला मृ. कपडे न्यायला आली. "बाबा, माझंच चुकलं. तुमच्यासाठी थांबायला हवं होतं. घाईत काहीतरी उलटं लावलं असेन."
मी म्हटलं, "आधी जेव."
जेवली. आंघोळीला गेली आहे. बाहेर आली की सांगतो, सोमवारीच मोजलं होतं.