बसलेले सगळे राजी

४ मार्च

सभा म्हणे! जिन्याखालच्या बोळात खुर्च्या मांडायच्या, पाण्याचं पिंप उलटं करायचं, त्यावर मास्तरांची घंटी. मास्तर जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झाले, आता आमच्या बिल्डिंगवर प्रयोग चाललेत. भाडेकरूंची घटना त्यांनीच लिहिली. त्यातलं त्यांचं लाडकं कलम – ठराव वाचायचा, विरोध असेल त्याने उभं राहायचं. बसलेले सगळे राजी. "मौन म्हणजे संमती. मोठमोठी राज्यं यावर चालतात रे."

आजचा ठराव: तळमजल्याची खोली वाचनालयाला. त्या खोलीत शिवणवाली मावशी राहते. तिने तिसऱ्या मजल्यावर जायचं. मशीन मारून मारून तिचे गुडघे गेलेत, कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. तिची खुर्ची बरोब्बर मध्ये. धडपडत अर्धी उठली – तोवर घंटी. "एकमताने मंजूर."

मी उभा होतो की! पण मी जिन्याच्या वळणावर पथारी टाकणारा. "तू पाहुणा. तुला मोजता येत नाही."

शिसारी आली. सगळ्यात जास्त त्या सलूनवाल्याची. मावशीने त्याच्या पोरीचे फ्रॉक शिवले, आणि हा नखं बघत बसलेला.

५ मार्च

दुपारभर स्टेशनवर गाड्या बघितल्या. कुठलीही चालली असती. बाकाखाली एक मांजर चपलेशी भांडत होतं, त्यातच एक गाडी गेली. दुसरी यायच्या आत पँट उसवल्याचं लक्षात आलं. परत आलो.

६ मार्च

मावशीने पँट शिवून दिली. दोरा दाताने तोडत म्हणाली, "माझ्यासाठी भांडतोयस का मास्तरांना हरवायला?"

"दोन्ही."

"आधी कोणतं ते ठरव बाबा."

७ मार्च

मास्तरांकडे गेलो. भिंतभर पुस्तकं, सगळी स्वातंत्र्यावर, आणि खिडकी बंद. कोंदट वास. मी म्हटलं, ठराव फेरविचाराला घ्या, आणि नियम उलटा करा. जो बाजूने असेल त्याने उभं राहायचं. मावशीला घालवायचंय ना, मग तिच्यासमोर उठून दाखवा. फक्त उभे असलेले मोजा.

मास्तर खूश. "दीड वर्षात कॉलेज सोडून पळालास, पण डोकं आहे. प्रयोग म्हणून झकास."

प्रयोग! चहा तिथेच ओतून द्यावासा वाटला. प्यायलो.

१० मार्च

आज माझ्या नियमाने सभा. मास्तरांनी ठराव वाचला. बाजूने असतील त्यांनी उभं राहावं. कुणी हलेना. सलूनवाला खुर्चीला चिकटल्यासारखा. बेकरीवाला उठणार होता, बायकोने शर्ट ओढला. मला इतकं बरं वाटलं की हसू दाबावं लागलं.

मावशीने माझ्याकडे हात केला. "धर रे जरा." वाटलं, झालं, निघाली खोलीत. ओढून उभी केली.

ती तिथेच उभी राहिली. "मी बाजूने."

सलूनवाला म्हणाला, "अहो मावशी, बसा ना. बसलात की जिंकलात."

"आज लाज वाटली म्हणून बसलात. लाज गेली की परत खुर्च्या मांडाल. असं तुमच्या मर्जीवर नाही राहायचं मला. बहिणीकडे जाते."

मी मास्तरांना म्हटलं, मी विरोधात आहे, सगळेच विरोधात आहेत, बघा की! ते चष्मा पुसत म्हणाले, "बाजूने एक. विरोध मोजायची सोय तू ठेवली नाहीस." घंटी.

हात मीच दिला होता.

१२ मार्च

मशीन टेम्पोत चढवलं. मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी. सलूनवाला टाटा करत होता. निर्लज्ज. मला म्हणाली, "पँट सांभाळून वापर." बाकी काही नाही.

१६ मार्च

वाचनालय सांभाळायला माणूस हवा, म्हणून तळमजल्याची खोली मला द्यायचा ठराव आला. मास्तर म्हणाले, आजच्या सभेपासूनच तू भाडेकरू, मोजण्यातला. मास्तरांनी जुना नियम परत आणलाय – विरोध असेल त्याने उभं राहावं. मला मधलीच खुर्ची मिळाली होती. गुडघे ठणठणीत आहेत माझे. घंटी वाजेपर्यंत बसून होतो.