गिऱ्हाइकाच्या हातातलं कुलूप

आंधळगाव, ता. मोहाडी

प्रिय भूपेंद्र,

पत्राला फार उशीर झाला, मामावर रुसू नकोस. लिहायला बसलो की पोरगा हेमराज डोकावतो, सून चहाचं विचारते, आणि मी कागद उशीखाली सारतो. फोन केला असता, पण मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो, आणि मग आमच्या घरातली गोष्ट अर्ध्या गावाला कळते. ही गोष्ट कळता कामा नये. तुझी आई रुखमिणी बरी आहे ना? तिच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांचा नमस्कार सांग.

आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाला तू जी वेबसाइट करून दिलीस, तिच्याबद्दल लिहितो आहे. भाच्यावर रागवायची आपल्यात रीत नाही, त्याच्या पाया पडायची आहे. तेव्हा मनातल्या मनात तुझ्या पाया पडलो आणि आता बोलतो. पुनर्विवाहाचं पान पासवर्डशिवाय उघडणार नाही, असं तू म्हणालास. त्या भरवशावर मी करडीपासून अड्याळपर्यंत घरोघर फिरलो आणि विधवा-विधुरांची नावं गोळा केली. दुसरं लग्न ठरेपर्यंत आपल्यात त्याचा बोभाटा करत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. बायका दाराआडून विचारायच्या, "भाऊजी, आमच्या सुनेले त दिसनार नाही ना?" मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "देव सोडून कोनाले दिसनार नाही."

आणि मागच्या आठवड्यात आमच्या कीर्तीला दिसलं. हेमराजची ही लेक भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकते. तिने माझ्यासमोर माउसचं उजवं बटण दाबलं, पानाच्या मागचं सगळं लिखाण उघडलं आणि त्यातून पासवर्ड वाचून दाखवला. "आबा, याले कुलूप म्हनता? किल्ली त दारालेच लटकून राहिली!"

मी छत्री घेतली आणि मोहाडीला कवडूकडे गेलो, तू ज्याला पान सांभाळायला शिकवलंस त्याच्या दुकानात. तो म्हणाला, "काका, पासवर्ड लंबा करून टाकू." भलामोठा केला. कीर्तीने तोही वाचला, फक्त वाचायला जास्त वेळ लागला. मग कवडूने उजवं बटण बंद केलं, तर पोरीने कीबोर्डावरच कुठलीशी दोन बटणं दाबली आणि पान पुन्हा उलटलं. शेवटी त्याने पासवर्डाचा असा भुगा केला की तो आता त्याला स्वतःलाही वाचता येत नाही. मी खुशीत पेढे घेऊन घरी आलो. कीर्तीने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "शब्द कुटला, पन नावं त पानासंगच फोनात येऊन पडली ना, आबा!"

मला समजेना. तेव्हा तिने आपल्या धंद्यातलं सांगितलं. "तुमी लुगड्यांचं सारं गाठोडं गिऱ्हाइकाच्या घरी पाठवून देता, आन वरून सांगता का शब्द माहीत असन तरच सोडा. गाठोडं त्याच्या घरी, हात त्याचे, मंग तो तुमाले पुसन कायले?" भूपेंद्र, मी चौथी शिकलेला माणूस, पण लुगडी विकण्यात जन्म गेला. एवढं मला कळलं. शब्द दुकानातच विचारायचा आणि खरा निघाला तरच त्याच्यापुरतं लुगडं बाहेर काढायचं. तुझं दुकान म्हणजे सर्व्हर. तिथेसुद्धा पासवर्ड जसाच्या तसा मांडून ठेवू नकोस, त्याचा भुगाच ठेव, असं कीर्तीने सांगितलं आहे. तू इंजिनीअर आहेस, तुला माहीत असेलच. मग असं का केलंस, हे मी विचारत नाही. भाचा आहेस.

कीर्ती म्हणाली, "तोपर्यंत कवडूकाकाले सांगून पानच मिटवून टाका ना." मी एवढ्याने "नाही" ओरडलो की मागावरचा हेमराज धावत आला. "बाबा, एवढे काहून भेता? तुमचं काय अडलं त्याच्यात?" मी म्हणालो, लोकांना शब्द दिला आहे. ते खरंच आहे. मग पोरगी गमतीने एकेक नाव वाचू लागली, तेव्हा मला असा जबरदस्त खोकला आणावा लागला की सुनेने डॉक्टरला बोलवायचं काढलं. दोन दिवस काढा पितो आहे. पौर्णिमेला समाजाचा मेळावा आहे. तिथे मंडळी फोन काढून हीच वेबसाइट उघडतील.

आता लिहायचं ते लिहितो. त्या नावांत माझंही नाव आहे. हेमराजच्या लग्नातला कोटवाला फोटो लावला आहे आणि वय थोडं आवरतं घेतलं आहे. अड्याळच्या निर्मलाबाईंचं नावही तिथेच आहे. परवा बाजारात गाठून त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुमची बदनामी नको, दोन्ही नावं काढून टाकतो. त्या वांगी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पानाले कुलूप लावा, नाव नोका मिटवू. पोराले मी सांगीन, तुमी तुमच्याले सांगा. आन वय खरं लिहा, तुमी माह्या मोठ्या भावाच्या वर्गात होते." हेमराजला सांगायला मला थोडे दिवस हवेत. त्याला हे माझ्या तोंडून कळू दे, मेळाव्यात कुणाच्या फोनवर नको. म्हणून बाळा, पौर्णिमेच्या आत सगळी नावं आणि पासवर्डाची तपासणी तुझ्या दुकानात ने, माझं वय दुरुस्त कर, आणि काम झालं की लगेच एक ओळ लिहून पाठव. पाकिटात घालून, नीट चिकटवून पाठव. मी रोज पोस्टमनची वाट पाहतो आहे.

तुझाच,
बाबूलाल मामा